इस्ट्रोजेनचा रिसेप्टर केंद्रकात असतो, मग परिणाम काही मिनिटांत कसा दिसतो?

तुमचा प्रश्न असा: पुस्तकात इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणारं प्रथिन, केंद्रकात जाऊन डीएनएवर बसतो असं लिहिलंय, मग रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी काही मिनिटांतच कशा जाग्या होतात? शंका रास्त आहे. जनुक वाचायचं, त्याची नक्कल म्हणजे एमआरएनए तयार करायचा, त्यावरून प्रथिन बनवायचं, याला तास लागतात. एमएस्सीला असताना मीही इथेच अडले होते.

आणि ही शंका जुनी आहे. इस्ट्रोजेन दिल्यावर उंदराच्या गर्भाशयात सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा छोटा रेणू) काही सेकंदांत वाढतो, हे संशोधक क्लारा झेगो यांनी 1967 मध्येच दाखवलं होतं. लोकांना ते पटायला मात्र फार वर्षं गेली.

याचं उत्तर मला आजही सुंदर वाटतं. रिसेप्टर तोच असतो, फक्त त्याचा थोडा भाग केंद्रकात न जाता पेशीपटलाशी थांबतो. हा रिसेप्टर, म्हणजे ईआर-अल्फा, हे 595 अमिनो आम्लांचं प्रथिन. त्यातल्या 447 व्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे. पेशीतली एन्झाइमं त्याला पामिटिक आम्ल जोडतात, म्हणजे पाम तेलात असतं तेच मेदाम्ल. मेद मेदात रुततो, त्यामुळे रिसेप्टर पटलाच्या आतल्या बाजूला टिकून राहतो. तिथे त्याला कॅव्हिओलिन-1 आणि स्ट्रायाटिन ही प्रथिनं भेटतात आणि त्याला जागेवर धरून ठेवतात.

आता इस्ट्रोजेन आलं की डीएनएचा संबंधच येत नाही. पीआय-3-कायनेज नावाच्या एन्झाइमचा पी-85 हा भाग रिसेप्टरला येऊन चिकटतो. रक्तवाहिनीच्या पेशींत हे 2000 मध्ये दाखवलं गेलं. त्यातून एकेटी नावाचं दुसरं एन्झाइम जागं होतं, ते नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमवर फॉस्फेट चढवतं, आणि नायट्रिक ऑक्साइडमुळे वाहिनी सैलावते. यात नवं प्रथिन कुठेच बनवावं लागत नाही. सगळी माणसं आधीच कामावर हजर असतात, नुसती हाक मारायची असते. म्हणून वेळ लागत नाही.

सार्क नावाचं कायनेजही (कायनेज म्हणजे फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) असंच रिसेप्टरशी जोडलं जातं. त्या जोडणीसाठी पीआरएमटी-1 हे एन्झाइम रिसेप्टरच्या 260 व्या जागी असलेल्या आर्जिनिन या अमिनो आम्लावर मिथाइल गट लावतं. स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनात या जोडीकडे बारकाईनं पाहिलं जातं, कारण सार्क पेशींच्या वाढीला चालना देतं.

एक घोळ टाळा. जीपीईआर हा इस्ट्रोजेनचा पटलावरचा पूर्णपणे वेगळा रिसेप्टर आहे, तो ईआर-अल्फाचा प्रकार नव्हे. पुष्कळ नोट्समध्ये दोन्ही एकत्र लिहिलेले असतात.

‘पण हे सगळं ताटलीत वाढवलेल्या पेशींतलं, खऱ्या शरीराचं काय?’ असं तुम्ही विचारालच. त्यासाठी 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा प्रयोग बघा. उंदरात हा सिस्टीन 451 व्या जागी असतो. संशोधकांनी तेवढा एकच बदलून तिथे ॲलानिन हे दुसरं अमिनो आम्ल ठेवलं, म्हणजे पामिटिक आम्ल जोडायला जागाच उरली नाही. गर्भाशयाचा इस्ट्रोजेनला प्रतिसाद बराचसा टिकून राहिला, म्हणजे केंद्रकातलं काम चालू होतं. रक्तवाहिनीतली नायट्रिक ऑक्साइडची झटपट वाढ मात्र नाहीशी झाली. आणि मला सर्वांत हलवून गेलेली गोष्ट ही, की त्या माद्यांना पिल्लं होईनात. त्यांच्या अंडाशयातून बीज बाहेरच पडत नव्हतं.