ओढा ओलांडण्याआधी

डोंगरातल्या वाट सोडून केलेल्या पायी भटकंतीचा तुझा आराखडा पाहिला. रोज 18 किलोमीटर? मळलेल्या वाटेवर ठीक, पण वाट सोडली की हा हिशेब कोलमडतो. चालायला किती वेळ लागेल याचा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा 1892चा ठोकताळा आहे: तासाला 5 किलोमीटर, शिवाय दर 600 मीटर चढाईला एक तास जास्त. झुडपं आणि घसरडा मुरूम असला की मी सरळ त्याच्या दुप्पट वेळ धरतो. वर एक दिवस राखीव.

खरी गोम ओढ्यांची. बर्फ वितळून येणारं पाणी दुपारनंतर चढतं, पहाटे उतरलेलं असतं. म्हणून मुक्काम अलीकडच्या काठावर कर, सकाळी पलीकडे जा. वाट जिथे ओढ्याला भिडते तिथूनच उतरायचं असं काही नाही. पात्र रुंद होऊन पाणी पसरतं अशी जागा शोध, आणि खालच्या अंगाला धबधबा किंवा अडकलेली झाडं नकोत. पाण्याखाली दगड गडगडल्याचा आवाज आला तर पाऊल घालूच नकोस. बूट काढू नकोस (भिजू देत, वाळतात). सॅकचा कमरेचा पट्टा सोड, काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोव, एका वेळी एकच पाय उचल. मी एकदा आळसाने पट्टा तसाच ठेवला. पडलो, आणि सॅकने मला पालथं दाबून धरलं. गुडघ्याच्या वर जोराचं पाणी दिसलं की आता मी मागे फिरतो.

परतीची तारीख आणि वाट घरी लिहून ठेव. मोबाइलमधला नकाशा चालेल, पण कागदी सोबत हवाच.