वापरलेला ऑइल कूलर विकताना

प्रश्न: होंडा सिटी व्हीटेकचं ऑइल कूलर किट (१९ रो म्हणजे १९ पट्ट्यांचा कूलर, इंजिन आणि ऑइल फिल्टरच्या मध्ये बसणारी थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट, स्टीलच्या जाळीचे ब्रेडेड होज) काढून विकायचं आहे. गाडी कोइमतूरच्या ट्रॅकवर पळालेली आहे. तयारी काय करू? — वाचक, पुणे

उत्तर: कूलर तोंडं खाली करून रात्रभर निथळू द्या. मग अर्धा डिझेलने भरून हलवा आणि तेल ज्या तोंडातून आत जायचं त्याच तोंडातून पांढऱ्या फडक्यावर ओता. फडक्यावर चकाकी दिसेनाशी होईपर्यंत हे करत राहा. कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो अ‍ॅल्युमिनियम खातो.

गळती तपासायला एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून ३० पीएसआय हवा द्या आणि कूलर दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा. तोंडाच्या मानेशी नीट बघा. फिटिंग एकाच पान्याने आवळलं की मान पिळली जाते आणि तिथे बारीक तडा जातो. बुडबुडा दिसला तर कूलर विकू नका.

सर्वात जास्त भांडणं आट्यांवरून होतात, म्हणून जाहिरातीत आटे स्पष्ट लिहा. कूलरची तोंडं एम२२×१.५ (२२ मिमी व्यास, आट्यांत १.५ मिमी अंतर) असतील किंवा एएन-१० या इंची मापाची, म्हणजे ७/८ इंच, इंचाला १४ आट्यांची. दोन्हींचा व्यास जवळपास सारखाच (२२ आणि २२.२ मिमी), त्यामुळे व्हर्नियरवर विसंबू नका, आट्यांमधलं अंतर मोजणारा पिच गेज लावा. सँडविच प्लेटच्या मधल्या बोल्टचंही तसंच. होंडाला एम२०×१.५ लागतो, अनेक टोयोटांना ३/४ इंच, १६ आट्यांचा. ३/४च्या बोल्टवर एम२०चा फिल्टर ढिला का होईना, चढतो. मग दाबाखाली आटे सोडतो आणि काही सेकंदांत सगळं तेल रस्त्यावर येतं.

थर्मोस्टॅट पाण्यात ठेवून तापवा. यातले बरेच ८० अंशांच्या आसपास उघडू लागतात. जाहिरातीत प्लेटवर छापलेला आकडा नव्हे, थर्मामीटरवर दिसलेला लिहा.

प्रश्न: माझ्या इंजिनाचं बेअरिंग गेलं. कूलर बाहेरून नवा दिसतो. फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, विकला तर चालेल? — वाचक, नाशिक

उत्तर: नाही. कूलरच्या पट्ट्यांच्या आत तेल घुसळणाऱ्या बारीक जाळ्या असतात आणि बेअरिंगचा चुरा त्यांत अडकून बसतो. फ्लशने थोडा निघतो. उरलेला गरम, पातळ तेल जोरात वाहू लागलं की सुटतो. ‘पुढे फिल्टर आहेच’ हे उत्तर पुरत नाही. थंड इंजिन सुरू करताना जाड तेलाच्या दाबाने फिल्टरचा बायपास (तेलाला फिल्टर टाळून वाट देणारी झडप) उघडू शकतो, आणि तेल न गाळताच बेअरिंगपर्यंत जातं. चुंबक फिरवून खात्री करण्यातही अर्थ नाही: बेअरिंगच्या थरातलं तांबं, कथील, अ‍ॅल्युमिनियम त्याला चिकटत नाही. तुमचा कूलर दुसऱ्याचं इंजिन खाईल. तो भंगारातच द्या. सँडविच प्लेट पूर्ण सुटी करून धुता येते, ती विका, पण कुठल्या इंजिनावरून निघाली ते घेणाऱ्याला सांगा.

प्रश्न: जुन्या ब्रेडेड होजची किंमत किती धरावी? — वाचक, ठाणे

उत्तर: शून्य. स्टीलच्या जाळीखालचं रबर कडक झालेलं बाहेरून कळत नाही. होज कापून फक्त पुन्हा वापरता येणारी फिटिंग्ज विका. त्यांचा ३७ अंशांचा उतार ओरखड्याविना असला पाहिजे, नाहीतर तिथूनच तेल पाझरेल. कुरियरला देताना सगळी तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा.