आठवीतला मुलगा, शाळा म्हणते दाखला घेऊन जा

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. मुलगा आठवीत, मराठी माध्यम, अनुदानित हायस्कूल. तोंडी सगळं येतं पण लिहायला बसला की अक्षर लागत नाही, जोडाक्षरं तर सोडूनच द्या, ‘प्रश्न’ चं ‘पशन’ होतं, फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत बाई फळा पुसतात. सायन्सच्या तोंडीला 20 पैकी 18 आणि लेखीला 9. खाजगी सायकॉलॉजिस्टने डिस्लेक्सिया-डिसग्राफिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अध्ययन अक्षमता, सांगितलंय, आयक्यू चांगला आहे. शाळेने बोलावून सांगितलं की नववीत आम्ही याला घेऊ शकत नाही, दहावीचा निकाल खाली येतो, तुम्ही ओपन स्कूल बघा नाहीतर बाहेरून दहावीला बसायचा 17 नंबरचा फॉर्म भरा. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, ते म्हणतात नाहीतरी शेवटी हेच करायचंय, बसू दे दुकानात. आईचा प्रश्न एवढाच, याचं पुढे काय होणार, कोणतं करिअर घ्यावं.

ताई, करिअरचं मी सांगतो पण जरा नंतर, कारण आत्ता तुमच्या हातात जे काम आहे ते करिअर निवडायचं नाहीये, ते आहे शाळेला एक साधा अर्ज लिहायचं. तुमच्या दोन पानी पत्रात मला एक गोष्ट सारखी दिसली, सगळं तोंडी झालंय. हेडसर तोंडी बोलले, तुम्ही तोंडी विनंती केली, बाईंनी तोंडी ‘बघू’ म्हटलं. उद्या कोणी विचारलं तर यातलं काही घडलेलंच नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ पालकांचं असंच असतं, दोन-दोन वर्षं शाळेच्या पायऱ्या झिजवलेल्या असतात आणि हातात एक चिठोरं नसतं.

तर सोमवारी साध्या कागदावर लिहा, मुख्याध्यापकांच्या नावाने. ‘माझा मुलगा अमुक, इयत्ता 8 वी, तुकडी ब, यास अध्ययन अक्षमता असल्याचे निदान झाले आहे, अहवालाची प्रत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार त्यास घटक चाचणीपासूनच जादा वेळ व आवश्यक त्या सवलती मिळाव्यात, तसेच शासकीय रुग्णालयातून तपासणीसाठी शाळेचे पत्र मिळावे ही विनंती.’ बस, याच्यावर एक ओळ नको, रडगाणं नको, शाळेवर आरोप तर अजिबात नकोत. दोन प्रती काढा, एक आवक-जावकच्या क्लार्ककडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच बाहेर पडा. क्लार्क म्हणेल ठेवून जा, हेडसर आले की देतो. नाही ठेवायचं, थांबायचं. सहीला आढेवेढे घेतले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती हीच मग पोच.

आता हक्काचं काय ते. त्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय आणि अध्ययन अक्षमता त्यात आहे. सरकारी मान्यता असलेल्या शाळांनाही तो लागू होतो, त्यामुळे ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ हे वाक्य कायद्याने चालत नाही, सोय करणं हेच शाळेचं काम आहे. आणि आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुलाला शाळेतून काढताच येत नाही. म्हणून तर ‘नववीत घेणार नाही’ असं आत्तापासून कानावर घालतायत, म्हणजे एप्रिलमध्ये तुम्ही आपल्या पायाने जाऊन दाखला काढाल. गेटवर ‘निकाल 100 टक्के’ चा फ्लेक्स लागतो ना दर जूनमध्ये, त्यातले काही टक्के असे आधीच दाखले हातात दिलेल्या मुलांचे असतात. तुम्ही स्वतः दाखला मागितला की विषय संपला, शाळा म्हणणार पालकांची इच्छा होती. तेव्हा दाखल्याचा अर्ज कोणी कितीही गोड बोलून समोर सरकवला तरी सही करायची नाही.

ओपन स्कूल वाईट असतं असं मी म्हणत नाहीये हं. काही मुलांना ते खरंच मानवतं, विषय निवडता येतात, दडपण कमी असतं. पण ते तुम्ही आणि मुलाने ठरवून घ्यायचं, शाळेने कटकट नको म्हणून नव्हे. आणि तुम्हीच लिहिलंय की त्याचे चारही मित्र याच वर्गात आहेत आणि सायन्सच्या सरांवर त्याचा जीव आहे.

दुसरं काम सरकारी सर्टिफिकेटचं. खाजगी रिपोर्टने निदान झालं, पण बोर्डाच्या सवलतींसाठी सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं, जिल्ह्याचं सिव्हिल किंवा सरकारी मेडिकल कॉलेज. तिथे बालरोगतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक असे सगळे बघतात, आयक्यू परत होतो, वह्या तपासतात, एका फेरीत काम होत नाही आणि तारखा लांबच्या मिळतात. म्हणून आठवीतच सुरू करा. दहावीच्या दिवाळीनंतर फोन करणारे पालक असतात ना, त्यांच्यासाठी माझ्याकडे खरंच काही उत्तर नसतं. जाताना जुन्या वह्या न्या, दुसरी-तिसरीतल्या सापडल्या तर फारच छान.

तुमच्या मिस्टरांना ‘अपंगाचं सर्टिफिकेट’ नकोय हे कळलं मला. त्यांना सांगा, महाराष्ट्रात या मुलांना परीक्षेत सवलती 1996 पासून आहेत, आपला मुलगा पहिला नाही. आणि त्याच्या कपाळावर काही छापून येत नाही, कागद तुमच्या कपाटात राहतो, लागेल तिथे काढायचा.

आता सवलती, आणि इथे करिअर येतं. सगळ्या सवलती सारख्या नसतात, ताई. काही नुसत्या मदत करतात, काही पुढची दारं बंद करतात. जादा वेळ, तासाला 20 मिनिटं, म्हणजे गणिताच्या दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटं, ही डोळे झाकून घ्या. शुद्धलेखनाच्या चुकांचे मार्क न कापणं, घ्या. पण दहावीला गणिताच्या जागी खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्यायची जी सवलत असते ना, ती कोणी ‘सोपं जाईल’ म्हणून सुचवली तर तुमच्या मुलासाठी ठाम नाही म्हणा. ज्यांना आकड्यांचीच अडचण आहे त्यांना ती मोठा आधार आहे. याला आकड्यांची अडचण नाहीच, आणि नेहमीचं गणित सुटलं की इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा रस्ता अवघड होतो.

लेखनिकाचा विचार करत असाल तर एक सांगतो. लेखनिक मिळाला म्हणजे पेपर सुटला असं नसतं, सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. माझ्याकडचा एक मुलगा भूमितीच्या पेपरात लेखनिकाला ‘ही रेघ तिकडे न्या’ असं सांगत बसला, अर्धा तास गेला. ‘रेख एबी ला समांतर रेख सीडी’ असं बोलायची सवयच नव्हती त्याला. म्हणून म्हणतो, सवलती घटक चाचणीपासून मागा. आठवी-नववीत दोन्ही करून बघा, जादा वेळात स्वतः लिहिणं आणि लेखनिक, ज्यात मार्क जास्त येतील ते दहावीला. दहावीचा प्रस्ताव शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो, तुमचं पुणे, त्यामुळे शाळेशी भांडून घेऊन चालणार नाही. सायन्सच्या सरांना धरा, स्टाफरूममध्ये एक माणूस आपला असला की निम्मं काम होतं. शाळा दोन-तीन आठवडे गप्पच राहिली तर मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी माध्यमिक, आणि त्याच्याही वर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त, पोच जोडलेली असेल तर तिथे ऐकतात.

हे कागद आयुष्यभर लागतात बरं का. 2021 च्या नीटला डिसग्राफिया असलेल्या एका मुलीला हक्काचा जादा एक तास केंद्रावर दिलाच नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने चूक परीक्षा घेणाऱ्यांची आहे असं स्पष्ट म्हटलं, तिच्यावरच्या अन्यायावर उपाय शोधा असंही सांगितलं, पण परीक्षा काही परत घेतली गेली नाही. म्हणून केंद्रावर मुलाला स्वतः बोलता आलं पाहिजे. आत्तापासून त्याला एक वाक्य पाठ करायला लावा, ‘सर, मला लिहायला वेळ लागतो, मला जादा वेळ मंजूर आहे, हा कागद.’ चाचणीच्या दिवशी त्यालाच बोलू द्या, तुम्ही दाराबाहेर.

राहिलं दुकान. तुम्ही सहज लिहून गेलात की जळालेली 24 स्लॉटची मोटार उघडली की तो वेढे मोजतो, तारेचा गेज बघतो आणि कुठली कॉइल कुठल्या स्लॉटमधून निघून कुठे जाते हे चित्र काढून ठेवतो, वडील ते बघून परत वाइंडिंग भरतात. अहो, हे साधं नाही. आठवीवर आयटीआयला वायरमन ट्रेड मिळतो आणि कोणीतरी तुम्हाला तेच सुचवेल, ते शेवटचं म्हणून ठेवा. दहावी होऊ द्या, 35 टक्क्यांवरही पॉलिटेक्निकला अर्ज करता येतो, तीन वर्षांचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा, जमलं तर पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. सर्टिफिकेटवर 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लिहून आलं तर सरकारी कॉलेजात 5 टक्के राखीव जागा आहेत, तो यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा विषय, प्रमाणपत्र आलं की बोलू. दुकानात संध्याकाळी बसू दे की, त्याला तिथे बरं वाटतं. फक्त शाळेऐवजी नको.

पोच मिळाली की फोटो पाठवा. आणि त्याच्या त्या वाइंडिंगच्या वहीतलं एखादं पान पण पाठवा, मला बघायचंय. सायन्सच्या सरांनाही दाखवा.