खोल्या मोजू नका, वजन मोजा: जुन्या कॅटामरानबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नाना, नमस्कार. आम्ही चौघं मित्र, दोघं रावेरचे केळीवाले, एक जळगावात डॉक्टर, आणि मी नुकताच नोकरीतून मोकळा झालेला. गेल्या डिसेंबरात गोव्याला एका कॅटामरानवर तीन दिवस राहिलो आणि डोक्यात किडाच शिरला. आता जुना ३८-४० फुटी कॅटामरान घ्यायचं चाललंय. आधी मुंबई-गोवा-कोची असं किनाऱ्या-किनाऱ्याने फिरायचं, हात बसला की लक्षद्वीप. बाहेरच्या एका ब्रोकरने चार्टरमधून, म्हणजे भाड्याच्या धंद्यातून, निघालेल्या बोटीचे फोटो पाठवलेत, चार खोल्या, चार बाथरूम, फोटोत तर एकदम नवी दिसते. घरचे म्हणतात, 'समिंदर दखा नही अन् जहाज इकत लेवाले निंघना'. काय बघू, काय विचारू? (एक वाचक, सावदा)

उत्तर: भाऊ, घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, अर्धंच. कॅटामरान हा शब्द मुळात तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं, तेव्हा नाव तरी आपल्याच देशातलं आहे. आणि बोट बघताना हा शब्द डोक्यात ठेवा, कारण जुन्या कॅटामरानचं जे काही बिघडतं ते बहुतेक जिथे 'बांधलंय' तिथे बिघडतं. कॅटामरान म्हणजे दोन धडांची बोट, या धडांना हल म्हणतात. दोन हल वेगवेगळ्या लाटेवर असतात, एक वर चढतोय तेव्हा दुसरा खाली बसतोय, म्हणजे सगळी बोट ओला टॉवेल पिळल्यासारखी पिळली जाते, आणि ती पीळ खातात दोन्ही हलना जोडणारा मधला मजला म्हणजे ब्रिजडेक, आतल्या आडव्या भिंती म्हणजे बल्कहेड, आणि पुढचा आडवा बीम. जेम्स व्हॅरम नावाच्या इंग्रज माणसाने १९५५ साली साडेतेवीस फुटी घरगुती कॅटामरानवर अटलांटिक पार करायला घेतला होता, आणि त्याच्या डिझाइनमध्ये आडवे बीम हलशी दोरीने बांधायची पद्धत आहे, थोडं हलू देतात म्हणून तुटत नाही. फॅक्टरीत बनलेल्या फायबरच्या बोटीत असं हलणं नाही, तिथे जोड हलला की तडाच जातो.

म्हणून फोटोतल्या चार खोल्या विसरा. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना आयाळ बघून कोणी पैसे देत नाही ना, तोंड उघडून दात बघतात, पाय उचलून खूर बघतात. इथेही गाद्या उचला, फळ्या उचला, कपाटं रिकामी करून टॉर्च घेऊन आत डोकं घाला. बल्कहेड जिथे हलशी फायबरने चिकटवलाय तिथे ती पट्टी सुटलीय का, डोलकाठीच्या बरोबर खाली जो बल्कहेड येतो त्यात तडा आहे का, लाकूड काळं पडलंय का, दारं नीट लागतात का. दार अडकतंय म्हणजे घरात जसा पाया बसलेला असतो तसं समजा. मी स्वतः फसता फसता वाचलोय. थायलंडमधल्या फुकेतला एका दोस्तासाठी बोट बघायला गेलो होतो, विकणाऱ्याने नवं कोरं कार्पेट टाकलेलं, आम्ही खुश, दोस्त तर बयाणा द्यायला निघालेला, आणि मला उगाच वाटलं की बाकी सगळं जुनं आणि कार्पेटच तेवढं नवं कसं, म्हणून कोपरा उचलला तर खाली करंगळी जाईल एवढी फट. विकणारा म्हणे, हे तर सगळ्याच बोटींना असतं. आम्ही चहा पिऊन परत आलो.

आता डेक, म्हणजे बोटीवरची चालायची जमीन. बऱ्याच बोटींचा डेक म्हणजे फायबरच्या दोन पातळ थरांच्या मध्ये फोम किंवा बाल्सा लाकूड, सँडविचसारखं. स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की बाल्सा सडतं आणि वरून काही दिसत नाही. प्लास्टिकची छोटी हातोडी घेऊन टकटक वाजवत जा, मडकं वाजवतो तसं, टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर खाली थर सुटलाय. खिडक्यांच्या कडेला, खांब रोवलेत तिथे, नांगर ओढायच्या यंत्राजवळ जास्त वाजवा. सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, ओल मोजायचं मीटर लावेल ते वेगळं. पाण्याखालच्या भागावर बारीक फोड दिसले तर लोक फार घाबरतात, माझ्या मते त्यापेक्षा ओला डेक दहापट वाईट.

आता वजनाचं ऐका, कारण यात तुमच्यासारखे खाऊन-पिऊन सुखी लोक हमखास चुकतात. कॅटामरान रुंद दिसतो म्हणून वाटतं भरा काय भरायचं ते. पण लगून ३८० सारखी बोट रिकामी साधारण सव्वासात टन, रुंदी साडेसहा मीटर, आणि या साइजच्या बोटीवर आरामात टाकता येईल असं वजन दोन टनांच्या आसपास. त्यात पाणी, डिझेल, नांगर, साखळी, बॅटऱ्या, छोटी होडी, तुम्ही चौघं, आणि वरून कोणीतरी जनरेटर नि एसी बसवला की झालंच. केळीच्या गाडीत माल जास्त टाकला तर पाटे बसतात, गाडी तरी चालते. इथे हल खाली बसतात, त्यामुळे ब्रिजडेक पाण्याजवळ येतो, मग समोरून लाट आली की खालून धाड धाड आपटते, आणि तो प्रत्येक धक्का जातो कुठे, तर त्याच जोडांवर ज्यांचं वर सांगितलं. वजन आणि तडे ही एकच गोष्ट आहे. म्हणून बोट भरलेली असताना पाण्यापासून ब्रिजडेक किती उंच आहे ते टेप लावून मोजा, ६० सेंटिमीटरच्या खाली असेल तर मी दोनदा विचार करीन. आणि चार खोल्यांची बोट चौघांना नकोच, मालकाने स्वतःसाठी घेतलेली तीन खोल्यांची बघा, वापर कमी झालेला असतो आणि सामानाला जागा उरते.

पण चार्टरची बोट वाईटच असं नाही. साधारण पाचेक वर्षं भाड्याने चालवून कंपन्या विकतात, इंजिनावर तीन-चार हजार तास दिसतील, दचकू नका, जुना ट्रॅक्टर घेताना तासाचं मीटर बघता तसंच बघा पण सर्व्हिसची वही मागा, ती नसेल तर भाव पाडा. केपटाऊनला रॉबर्टसन अँड केनच्या यार्डात बनणारे लेपर्ड कॅटामरान कित्येकदा स्वतः शीड लावून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनला पोचवले जातात, म्हणजे बोटीत दम असतो, प्रश्न नंतर किती जणांनी ठोकली हा. एक गोष्ट नक्की तपासा, सेलड्राइव्ह. बहुतेक बोटींत इंजिनाचा, पंखा फिरवणारा पाय हलच्या तळाला भोक पाडून खाली जातो आणि पाणी अडवतो एक रबरी पडदा. इंजिनं बनवणारी व्होल्वो पेंटा कंपनी सांगते की तो ७ वर्षांनी बदला, आणि असे दोन असतात कारण इंजिनं दोन. डोलकाठीला धरणाऱ्या स्टीलच्या तारा १०-१२ वर्षांच्या असतील तर बदलायच्याच धरून चाला, चांगल्या दिसल्या तरी, विमावालेही तेच विचारतात. पॅरिसच्या नाही तर फुकेतच्या ब्रोकरने काही सांगो, बोट पाण्याबाहेर काढून बघितल्याशिवाय आणि समुद्रात शीड लावून चालवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, सर्व्हेअर तुमचा, त्याची फी तुम्ही भरायची, ब्रोकरने सुचवलेला नको.

पैशाचं सांगतो, पटकन. वीस वर्षं जुनी ३८ फुटी चांगली बोट बाहेर लाख-दीड लाख युरोच्या आसपास मागतात. भारतात आणली तर २२ सप्टेंबर २०२५ पासून यॉटवर जीएसटी ४० टक्के आहे, आधी २८ होता, कस्टम ड्युटी वेगळी, त्यामुळे पहिला फोन ब्रोकरला नाही, कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला करा. विकणाऱ्या देशाच्या रजिस्टरमधून नाव कमी केल्याचा दाखला, बोटीवर कर्ज नाही याचा कागद, हे हातात आल्याशिवाय बाकीची रक्कम सोडू नका. दरवर्षी किमतीच्या दहा टक्के देखभालीला जातील असं धरायची जुनी पद्धत आहे, जुन्या बोटीला मी तेवढेही कमीच धरतो.

आणि तुम्ही ज्याचं विचारलंच नाही ते, पावसाळ्यात ठेवणार कुठे? जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर या बोटींचं काम नाही, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत तर यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते. मुंबईत गेटवेसमोर बोटी नुसत्या मुरिंगला, म्हणजे तळाशी अडकवलेल्या तरंगत्या खुंटाला, बांधलेल्या असतात, मे संपायच्या आत त्या उचलाव्या लागतात, आणि साडेसहा मीटर रुंदीचं धूड उचलून ठेवणारी जागा आधी शोधावी लागते. कोचीला बोळगट्टी बेटावर मरिना, म्हणजे बोटी लावायचा धक्का, आहे, तिथेही रुंदी सांगून आधी विचारा. जागा पक्की झाली की मगच बोट शोधा, उलटं केलं तर मे महिन्यात रडाल.

मुंबई-गोवा साधारण सव्वादोनशे-अडीचशे सागरी मैल, सहा नॉटने, म्हणजे ताशी सहा सागरी मैलांनी, चाळीस तास, म्हणजे एक-दोन रात्री येणारच, आणि कोकण किनाऱ्यावर रात्री मासेमारीची जाळीच जाळी, त्यात अडकायला तुमच्या इंजिनांचे पंखे दोन, तेव्हा सुरुवातीला दिवसा चाला आणि संध्याकाळी खाडीत नांगर टाका. कॅटामरानचा तळ उथळ, सव्वा मीटरच्या आत, तो फायदा इथे घ्या. कोची ते लक्षद्वीपचं कवरत्ती ४०४ किलोमीटर आहे, परमिट लागतं, ते दुसऱ्या सीझनला.

अजून एक, गुजरातेत जुनी जहाजं तोडतात त्या अलंगला जाऊन जहाजावरचं स्वस्त सामान आणायचा मोह होईल, आपल्याकडचे बरेच जण फर्निचर आणतात. दोर, भांडी, खुर्च्या आणा हो. लाइफराफ्ट (जीव वाचवायचा फुगवता तराफा) नि फ्लेअर (संकटात पेटवायचे दिवे) मात्र तिथून आणू नका, तारीख संपलेलीच असते.

प्रश्न: नेव्हीने जगप्रदक्षिणेला म्हादेई आणि तारिणी एकाच हलच्या घेतल्या, कॅटामरान का नाही? (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर: कारण त्यांना केप हॉर्नवरून, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या वादळी टोकावरून, जायचं होतं. एका हलच्या बोटीला खाली कील म्हणजे जड वजनाचं पातं असतं, ती पालथी झाली तरी परत उभी राहते. २०१८ मध्ये नेव्हीचे अधिकारी अभिलाष टॉमी यांची थुरिया ही एका हलची बोट हिंदी महासागरात लाटेत लोळली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार लागला, पण बोट परत सरळ झाली. कॅटामरान उलटला की उलटाच तरंगतो, बुडत नाही हे खरं, म्हणून हलच्या बाजूला बाहेर पडायची खिडकी असते, ती नीट उघडते का तेही बघायचं. शिवाय एका हलची बोट कलते, म्हणजे शीड जास्त झालं हे आपल्याला कळतं. कॅटामरान कलत नाही, चहाचा कप जागचा हलत नाही आणि तेवढ्यात वारा १५ वरून २१ नॉट झालेला असतो, म्हणजे शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट. त्यामुळे इथे आकडा बघून शीड कमी करायचं, अंदाजाने नाही. सावद्याच्या भाऊंनीही हे वाचावं.

प्रश्न: काका, शिकायला समुद्रावरच जावं लागतं का? आमच्याकडे तापी आहे, हतनूरचं धरण आहे. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर: ताई, शीड शिकायला पाणी आणि वारा लागतो, मीठ लागत नाही. डिंगीवर, म्हणजे शिडाच्या छोट्या होडीवर, धरणात शिकलेला माणूस समुद्रावर लवकर तयार होतो कारण छोटी बोट चूक लगेच दाखवते, म्हणजे पाण्यात पाडते. फक्त पाटबंधारे खात्याची परवानगी आधी घ्या, हिवाळ्यात हतनूरला पक्षी येतात तिकडच्या बाजूला जाऊ नका, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका, पोहता येत असलं तरी. भरती-ओहोटी मात्र धरणात शिकता येणार नाही, त्यासाठी मुंबईला आठवडाभर राहून या, तिथे मोठ्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, ते एकदा डोळ्यांनी बघा.