कंसाची लाज कशाला?

अगं,

तुझा पायथनमधला कोड रात्री वाचला. डिक्शनरीच्या (नाव, म्हणजे ‘की’, सांगितलं की त्याखालचा डेटा देणारी रचना) पोटात डिक्शनरी, तिच्या पोटात आणखी एक, आणि पायरीपायरीला चौकोनी कंस नि अवतरणचिन्हं. डोळ्यांना खुपतं, कबूल. पण त्यावर उपाय म्हणून, कंसाऐवजी डॉट वापरता यावा यासाठी लिहिलेला तुझा तो क्लास, ज्यात डंडर गेटॲटरला (डॉटपुढचं नाव सापडलं नाही की पायथन बोलावतो ती मेथड) थेट डिक्शनरीचं गेट (की नसेल तर एररऐवजी नन, म्हणजे ‘काही नाही’, देणारी मेथड) चिकटवलंयस, तो बघून झोप उडाली. 2011 साली मी अक्षरशः हाच लिहिला होता.

किती मिरवला तो मी! कॉन्फिग डॉट डेटाबेस डॉट पोर्ट. मग एका ठिकाणी टाइमआउटच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर राहून गेलं. कंसाने मागितलं असतं तर पायथनने तिथल्या तिथे की-एरर दिली असती. माझ्या क्लासने निमूटपणे नन हातात ठेवलं. आणि सॉकेटच्या (नेटवर्कच्या जोडणीच्या) लेखी टाइमआउट नन म्हणजे कितीही वेळ थांब. प्रोग्रॅम रात्रभर थांबला. लॉगमध्ये एक ओळ नाही. सकाळी मी नेटवर्कवाल्यांशी भांडलो. (माफी मागायची राहिलीच.)

तेव्हा ऐक. की डेटाची असते, ॲट्रिब्यूट, म्हणजे डॉटपुढचं नाव, आपलं असतं. नाव आपण ठरवलं असेल तर डॉट, बाहेरून आलं असेल तर कंस.

तू म्हणशील, गेट काढून एरर फेकते. फेक, पण ॲट्रिब्यूट-एररच. की-एरर तशीच बाहेर गेली तर हॅजॲटर (‘हे नाव आहे का?’ विचारणारं फंक्शन) ‘नाही’ म्हणायच्या ऐवजी कोसळतं, डीपकॉपीही (आतपर्यंतची पूर्ण नक्कल करणारं). आणि एवढं करूनही, उद्या समोरून आयटम्स नावाची की आली तर? डंडर गेटॲटरची पाळी नेहमीचा शोध फसल्यावर येते. आयटम्स ही डिक्शनरीची स्वतःची मेथड, ती आधीच सापडते. त्या कीखालचा डेटा आत पडून राहतो, तुझ्या हातात मेथड. क्लास, फ्रॉम हे कीवर्ड तर डॉटपुढे लिहिताच येत नाहीत. नावात हायफन असेल तर पायथन वजाबाकी करायला बसतो. की डेटाची असते, तुझ्या सोयीने नाव घेऊन येत नाही!

जावास्क्रिप्टमध्ये कीसाठी डॉट चालतो, हेही ठाऊक आहे. तिथेसुद्धा 2015 मध्ये डेटाच्या कीजसाठी मॅप वेगळा आणावा लागला.

तुझ्या कॉन्फिगमध्ये सात नावं आहेत, सातही तूच ठरवलेली. मग डेटाक्लास (नावं आधीच लिहून ठेवलेला क्लास) लिही ना! पायथन 3.7 पासून, म्हणजे 2018 पासून आहे. आलेली डिक्शनरी दारातच एकदा दोन तारकांनी उलगडून आत घाल. अनोळखी नाव असेल तर तिथेच टाइप-एरर येईल. छोट्या स्क्रिप्टपुरतं सिंपलनेमस्पेस (दिलेली नावं डॉटने देणारा तयार क्लास) चालेल, फक्त आतल्या डिक्शनऱ्या तो आपणहून बदलत नाही.

आमच्या वेळी डेटाक्लास नव्हता, असं मी सगळ्यांना सांगतो. नेमडटपल (तेही नावं आधी लिहून डॉटने वाचायचं) मात्र 2008 पासून होतं. मला डॉट हवा होता, नावं लिहून काढायचा कंटाळा होता, बस. तरी कामाच्या घाईत दुसरं कुणी काय वेगळं केलं असतं? तो क्लास अजून एका प्रोजेक्टमध्ये चालू आहे. काढायला गेलो की कोण कोण त्याच्या ननवर विसंबून आहे तेच कळत नाही, म्हणून परत ठेवतो. ती फाइल तुला दाखवणार नाही.

सात नावं लिहून झाली की पाठव. टाइमआउटचं स्पेलिंग मी तपासतो.