प्लेऑफच्या तोंडावर फाउलचं दुखणं

प्रश्न : मुलगी अमेरिकेत हायस्कूलच्या बास्केटबॉल संघात सेंटर, म्हणजे रिंगजवळची खेळाडू, म्हणून खेळते. प्लेऑफ (साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने) दोन आठवड्यांवर आलेत आणि सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या क्वार्टरमध्येच तिचे चार फाउल होतात. काय करावं?

उत्तर : पाचव्या फाउलला ती बाहेर. दोष हातांना दिला जातो, पण उशीर पायांना होतो. पाय मागे राहिले की हात चेंडूवर मारला जातो. सरावात दोन्ही मुठींत टेनिसचे चेंडू धरून बचाव करायला लावा. पकडायला हातच मोकळे नसले की पाय आपोआप सरकतात. रिंगखाली हात सरळ वर, उडीही सरळ वर. हात पुढे झुकला की शिट्टी वाजलीच.

२०२३-२४ पासून बहुतेक राज्यांत संघाच्या फाउलांची मोजणी दर क्वार्टरला नव्याने सुरू होते आणि संघाच्या पाचव्या फाउलपासून प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता रिंगवर मारायचे फटके) मिळतात. म्हणून तिनेही फ्री थ्रो दोन-दोनच्या जोडीने, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा धावून, धाप लागलेली असताना मारावेत. निवांत उभं राहून मारलेले पन्नास फारसे कामाचे नाहीत.

घरी भावाचा चेंडू वापरते का? तो ७ नंबरचा असतो, मुलींचा ६ नंबरचा. आणि हो, कानातले घरीच. पट्टी चिकटवूनही चालत नाहीत.