नॉन-रिफंडेबल क्रेडिटवर शेवटच्या पोर्टची टूर बुक करू नका, बाकी काहीही करा

तुमची पोस्ट वाचली आणि माझीच जुनी कटकट कुणीतरी परत टाईप केलीये असं वाटलं. 7 रात्रींची क्रूझ, बुकिंगवर 400 डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्च करायला खात्यात मिळणारी रक्कम), त्यातले 250 एका ओळीत आणि 150 दुसऱ्या ओळीत, एजंट म्हणतोय उरलं तर परत मिळेल काळजी करू नका, आणि तुमचा बेत असा की सगळ्या क्रेडिटच्या टूर (पोर्टला, म्हणजे बंदरावर, उतरून करायच्या सहली) आत्ताच बुक करून टाकायच्या म्हणजे डोक्याला ताप नको. मी सेम टू सेम हेच केलं होतं आणि माझ्या डोक्याला ताप नेमका तिथूनच सुरू झाला. म्हणून लांबलचक लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

उरलं तर परत मिळतं ते रिफंडेबल, क्रूझ संपताना बुडतं ते नॉन-रिफंडेबल, नावातच आहे. आता दोन ओळी दिसतायत म्हणजे बहुतेक दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेलं क्रेडिट आहे. क्रूझ कंपनीच्या ऑफरमधलं जे असतं, 'अमुक तारखेच्या आत बुक करा, इतकं क्रेडिट घ्या' टाईप, ते जवळपास नेहमी नॉन-रिफंडेबल. बुक केल्यानंतर भाडं उतरलं आणि तुम्ही भांडून फरक मागितला तर तोही बऱ्याचदा असाच देतात, कॅश नाही. एजंट स्वतःच्या कमिशनमधून जे देतो ते कधी रिफंडेबल असतं कधी नसतं, ते त्याने कसं टाकलंय त्यावर आहे. म्हणजे तुमचा एजंट एका ओळीबद्दल खरं बोलत असेल आणि दुसरीबद्दल ठोकून देत असेल हे अगदी शक्य आहे.

आता माझी गोष्ट. माझ्याकडे 300 नॉन-रिफंडेबल आणि 100 रिफंडेबल होतं. मी स्वतःला फार हुशार समजत होते, म्हटलं बुडणारं आधी संपवू आणि 100 घरी घेऊन जाऊ. म्हणून शेवटच्या पोर्टची दोघांची टूर 139 प्रमाणे 278 ला नॉन-रिफंडेबलमधून घेतली, उरलेले 22 पहिल्या दोन दिवसांत कॉफीत गेले. झालं, हिशोब चोख! टिप्स (कर्मचाऱ्यांसाठी जहाज माणशी रोज लावतं ती रक्कम) आधीच घरून कार्डाने भरल्या होत्या, वायफाय आधीच घेतलेलं, एक स्पेशल रेस्टॉरंटचं जेवण तेही आधीच. जहाजावर चढल्यावर खर्चच नाही, नुसतं मजा करायची.

सातव्या, म्हणजे उतरण्याच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसातला कॅप्टनची अनाउन्समेंट. वारा आहे, लाटा आहेत, छोट्या बोटींनी माणसं उतरवणं सुरक्षित नाही, सबब हे पोर्ट रद्द. यात कुणाची चूक नाही, कॅप्टनने बरोबरच केलं, लाटांवर हलणाऱ्या बोटीत पाय टाकायची मलाही हौस नाही. आम्ही म्हटलं ठीक आहे, टूरचे पैसे तर परत येतील. आलेही. दुपारी चारच्या सुमारास. आणि कसे आले? नॉन-रिफंडेबल म्हणून!

मी ॲपवर बघितलं तर विश्वास बसेना म्हणून काउंटरवरून स्टेटमेंटचा कागद काढून घेतला, तो अजून आहे माझ्याकडे. एकाखाली एक दोन ओळी. पहिली टूर रद्द, उणे 278, पुढे नॉन-रिफंडेबलचा कोड. तिच्या खालीच पोर्ट टॅक्स परत, माणशी चौदा डॉलर काहीतरी, आणि त्याच्यापुढे रिफंडेबलचा कोड. एकच पोर्ट, एकच वारा, आणि दोन पैशांचे दोन रंग. का, तर पोर्ट टॅक्स मी भाड्याबरोबर खऱ्या पैशात भरला होता आणि टूर क्रेडिटमधून घेतली होती. पैसा ज्या खिशातून गेला त्याच खिशात परत येतो. आणि हा खिसा त्या रात्री अकराला शिवून टाकणार होते, म्हणजे उरलेलं नॉन-रिफंडेबल तेव्हा बुडणार होतं.

आता चार वाजलेत, हातात 278 आहेत आणि सात तास. तुम्ही म्हणाल जहाजावर खर्च करायला काय कमी आहे. कमी नाही हो, पण त्या दिवशी पोर्ट रद्द झाल्यामुळे सगळं जहाज जहाजावरच होतं. स्पा फुल. स्पेशल रेस्टॉरंट फुल. दारूचं आम्हाला विशेष नाही. टिप्स भरलेल्या. राहिलं दुकान. तिथे मी आणि माझ्यासारखी अजून पन्नास माणसं गरज नसलेल्या वस्तूंच्या मागे. मी 119 चं घड्याळ घेतलं जे आठ महिन्यांत बंद पडलं, 54 चं परफ्यूम आणि 44 चं जहाजाचं नाव लिहिलेलं हुडी, जे नवरा फक्त कुत्र्याला फिरवायला घालतो. उरलेले 61 अकरा वाजता गेले. माझे 100 रिफंडेबल आणि पोर्ट टॅक्स मात्र कार्डावर नीट परत आले, त्याबद्दल तक्रार नाही.

पण मला खरा राग पैशांचा नाही, त्या काउंटरचा आहे. पाऊण तास रांगेत उभी राहिले. समोरची मुलगी गोड हसून म्हणाली मॅम तुमचा रिफंड झालेला आहे. मी म्हटलं झालाय पण बघा ना, रात्री संपणारा रिफंड झालाय, टूर तुम्ही रद्द केली मी नाही, निदान हे शेवटच्या बिलात कार्डाने भरलेल्या टिप्सच्या जागी लावा आणि टिप्सचे पैसे परत करा. सिस्टीममध्ये होत नाही. सिनियरला बोलवा म्हटलं तर सिनियर पण तेच, वर हे की 'तुम्हाला आज रात्रीपर्यंत वापरता येईल ना'. घरी आल्यावर एजंटला मेल केला तर त्याचं उत्तर, हे क्रूझ कंपनीच्या हातात आहे. कंपनीला लिहिलं तर म्हणे तुमचं बुकिंग एजंटमार्फत आहे, त्यांच्याशी बोला. तीन आठवडे टोलवाटोलवी. आणि ज्या माणसाने फोनवर 'उरलं तर सगळं परत येतं मॅडम' सांगितलं होतं त्याला असं काही बोलल्याचं आठवतच नव्हतं. लेखी काही नव्हतं, म्हणजे चूक माझीच. नावं घेत नाही कुणाची, घेऊन उपयोगही नाही, हे काउंटर थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच आहे.

तर माझं मत (मत आहे, नियम नाही, तुमच्या कंपनीच्या अटी आधी वाचा): नॉन-रिफंडेबल क्रेडिट अशा गोष्टींवर घालवा ज्या रद्द होऊन तुमच्याकडे परत येणार नाहीत. रोजच्या टिप्स, वायफाय, पहिल्या-दुसऱ्या रात्रीचं जेवण, कॉफी, ड्रिंक्स. आणि टूर, विशेषतः शेवटच्या एक-दोन पोर्टच्या, कार्डाने घ्या. कार्डाने घेतलेली टूर कंपनीने रद्द केली तर पैसे बहुतेक वेळा तुमच्या जहाजावरच्या खात्यात रिफंडेबल म्हणून येतात आणि उरलं ते शेवटी कार्डावर जातं. लोक नेमकं उलटं करतात, कारण टूर ही मोठी रक्कम, एका क्लिकमध्ये क्रेडिट संपल्याचं समाधान मिळतं.

टिप्स आधी भरणं हीच माझी सगळ्यात महागडी चूक होती आणि ते मला टूरच्या गडबडीत लक्षातच आलं नाही. तेव्हा माणशी रोज 16 डॉलर होते, दोघांचे 7 रात्रींचे 224. आता मोठ्या लायनींवर (क्रूझ कंपन्यांवर) साध्या केबिनला साधारण 16 ते 20 च्या घरात आहे, स्वीटला (मोठ्या, महागड्या केबिनला) जास्त. टिप्स आधी न भरता तशाच रोज खात्यावर पडू दिल्या असत्या तर 300 मधले 224 काही न करता तिथेच संपले असते, उरलेले 76 कॉफी-वायफायमध्ये, आणि 278 ची टूर कार्डावर. वारा सुटला असता तरी मी हसत असते. पण एक सांभाळा, सगळं क्रेडिट टिप्सना चालत नाही. शेअरहोल्डरचं जे क्रेडिट असतं त्याचं उदाहरण घ्या. मोठ्या तिन्ही कंपन्या, कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन, 100 शेअर असतील तर क्रूझच्या लांबीप्रमाणे 50 पासून 250 डॉलरपर्यंत देतात, पण कार्निव्हलच्या अटीत आहे की त्याची कॅश होत नाही, कॅसिनोत चालत नाही आणि खात्यावर पडणाऱ्या टिप्सनाही चालत नाही. म्हणून फक्त 'क्रेडिट टिप्सला चालतं का' असं विचारू नका, 'हे क्रेडिट टिप्सला चालतं का' असं ओळीवर बोट ठेवून विचारा.

आणि बोट ठेवून विचारायचं तर हेही विचारा की क्रेडिट कुणाच्या नावावर आहे. केबिन एक असली तरी खाती माणसागणिक वेगळी असतात. माझ्या मैत्रिणीचं सगळं क्रेडिट तिच्या नावावर आणि नवरा स्वतःचं जहाजाचं कार्ड टॅप करत ड्रिंक्स घेत फिरतोय, शेवटी तिचं क्रेडिट पडून आणि त्याच्या कार्डावर बिल. पहिल्या दिवशी काउंटरवर जाऊन खाती जोडून घेतली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. शेवटच्या रात्री तेच काम पाऊण तासाचं होतं, आणि ते करतील याची खात्री नाही. नॉर्वेजियनच्या ऑफरमध्ये पोर्टमागे 50 डॉलरची टूर सवलत असते ती फक्त केबिनमधल्या पहिल्या माणसाला, प्रत्येकी नाही, आणि एका पोर्टची उरलेली पुढच्या पोर्टला जात नाही. लोक चौघांचे 200 धरून बसतात.

खर्च होताना बहुतेक लायनी आधी नॉन-रिफंडेबल कापतात मग रिफंडेबल, जे आपल्या फायद्याचंच आहे. पण गृहीत धरू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेटमेंट बघा, दोन ओळींपैकी कुठली कमी होतेय ते कळतं. चुकीची कमी होत असेल तर तेव्हा सांगा, तेव्हा काउंटरवर रांग नसते आणि माणसं पण ताजी असतात.

कॅसिनोतून चिप्स घेऊन कॅश करायची आयडिया कुणीतरी तुम्हाला देईलच, प्रत्येक वेळी कुणीतरी देतं. नॉन-रिफंडेबलला ती वाट बहुतेकांनी बंद केलीये, आणि खात्यावर कॅसिनोची रक्कम घेतली की काही लायनी वर टक्केवारी लावतात. मी त्या भानगडीत पडले नाही, पडणारही नाही.

दुकानाचं एक लक्षात ठेवा, जहाज पोर्टला लागलेलं असताना जहाजावरची दुकानं आणि कॅसिनो सहसा बंद असतात, कस्टम्सच्या आणि तिथल्या स्थानिक नियमांमुळे. म्हणजे शेवटच्या दिवशी जहाज संध्याकाळपर्यंत पोर्टला असेल तर 'शेवटी काहीतरी घेऊ' म्हणायला हातात दोन-तीन तासच उरतात.

थोडं विषय सोडून, खात्याला डेबिट कार्ड लावू नका. जहाज रोज अंदाजाने रक्कम अडकवून ठेवतं आणि उतरल्यावर ती सुटायला बँकेप्रमाणे कित्येक दिवस लागतात, त्या काळात तुमच्याच खात्यातले पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड लावा नाहीतर सरळ रोख भरून खातं उघडा, मग रिफंडेबल उरलं तर काउंटरवर हातात मिळतं.

तुमच्यापुरतं म्हणाल तर आज रात्रीच एजंटला मेल टाका, फोन नाही, मेल. 250 कुठल्या प्रकारचं, 150 कुठल्या प्रकारचं, प्रत्येकी की केबिनला, कुणाच्या नावावर आणि टिप्सना चालतं का. उत्तर आलं की प्रिंट काढून पासपोर्टबरोबर ठेवा. टिप्स अजून आधी भरल्या नसतील तर भरू नका, भरल्या असतील तर निघण्याआधी काढून घेता येतात का तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या. आणि शेवटचं पोर्ट कुठलं आहे ते लिहा इथे. जहाज धक्क्याला लागणार असेल तर एक वेळ चालून जाईल, पण छोट्या बोटींनी उतरवणार असतील तर तिथली टूर क्रेडिटवर अजिबात घेऊ नका, घेतली असेल तर आत्ताच रद्द करून कार्डाने परत घ्या, आत्ता परत आलेलं क्रेडिट वापरायला तुमच्याकडे पूर्ण क्रूझ आहे.